बारीक भोकाची चकती

"अचूकता हीच खरी अहिंसा." कुपवाडच्या शोकसभेत मंचामागच्या फ्लेक्सवर जिनगोंडा मगदूम यांच्या फोटोखाली हे वाक्य वीतभर अक्षरांत छापलं होतं. सभेत सहा जण बोलले. त्यातल्या चौघांनी ते वाचून दाखवलं, आणि एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनी त्याला 'अण्णांचं जीवनसूत्र' म्हणताना डोळेही मिटून घेतले. अण्णांनी 'सूक्ष्म अभियांत्रिकी'ला आयुष्य वाहिलं, असंही कळलं. सहा भाषणांत बंदूक हा शब्द एकदाही आला नाही. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला बोलायला सांगितलं नव्हतं आणि ते बरंच झालं, कारण मला एवढंच सांगता आलं असतं की ते वाक्य अण्णांचं नाही. माझं आहे. चहा पिताना चेष्टेनं म्हटलेलं...

बातमी त्यांच्या मुलानं, सन्मतीनं फोनवर दिली, त्याला आता दीड महिना झाला. दुपारी लेथवर पंपाचा बुश करता करता अण्णा स्टुलावर टेकले आणि उठले नाहीत. लेथ फिरतच होता. शेजारच्या शेडमधल्या माणसानं येऊन तो बंद केला, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. "तुमाला कळवावं की नको, आई इचारत होती," सन्मती म्हणाला. प्रश्न रास्त होता. सांगलीतल्या माझ्या घरापासून अण्णांची शेड स्कूटरवर वीस मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि दोन वर्षं मी तिथं गेलो नव्हतो. तेही आले नव्हते. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

मगदूम हे कृष्णाकाठचं जैन शेतकरी घराणं. अण्णांनी ऊस धाकट्या भावावर सोपवला आणि कुपवाडला लेथ टाकला. पोटापाण्याला पंपाचे बुश, शाफ्ट वगैरे. पण शेडच्या मागच्या खोलीला दोन कुलपं असत, आणि तिथल्या भिंतीवर बंदुका दुरुस्त करण्याचा सरकारी परवाना चौकटीत लावलेला असे. हे काम ते मिरजेच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडून शिकले. कांदा-लसूण न खाणारा आणि रात्री दिव्यावर येणाऱ्या किड्यांनाही जपणारा हा माणूस लोकांच्या बंदुकांचे घोडे आणि कमानी नीट करायचा. स्वतः त्यांनी आयुष्यात एक गोळी झाडली नाही. तपासणीची गोळी ज्याची बंदूक त्यानं झाडायची, असा त्यांचा नियम होता. दुसरा नियम सूर्याचा. दिवस मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे, म्हणून पाचला शेडला कुलूप. पावणेसहाला ताट. बाहेर कर्फ्यू असो की लग्न असो, त्यात बदल नाही.

घरात हे काम कुणालाच आवडत नव्हतं. सुमनवहिनी माझ्यासमोरच सुनवायच्या, "सर, तुमी शिकल्यालं मानूस. सांगा की ह्यांना. तोंडानं नवकार म्हनायचा आनि हातानं जीव मारायची हत्यारं घासायची. कुठलं शास्त्र हे?" अण्णा शांतपणे शर्टाला चष्मा पुसत. "मारनारा मारतोयच. हत्यार वाकडं आसलं तर जनावर अर्धं मरतंय आनि रानात हाल हाल हून जातंय. नीट आसलं तर एका गोळीत सुटतंय. मी ते हाल काढतो." वहिनी म्हणत, "म्हंजे तुमी सुईण, व्हय?" ... हा संवाद मी निदान दहा वेळा ऐकला असेल. त्यातल्या एका वेळी मी मध्ये पडलो आणि मोठ्या गंभीरपणे म्हणालो, "वहिनी, अचूकता हीच खरी अहिंसा." वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला चहा संपवून निघावं लागलं. अण्णांनी मात्र ते वाक्य उचललं. पुढच्या खेपेला बघतो तर शेडच्या फळीवर खडूनं लिहिलेलं. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना इतकी वर्षं जे स्वतःला पटवायचं होतं, ते कुणीतरी पुस्तकी मराठीत मांडून दिलं होतं, आणि तो कुणीतरी चेष्टा करत होता हे त्यांना कळलं नाही. किंवा कळूनही त्यांनी ते ठेवून घेतलं.

मी तेव्हा सांगलीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आमची ओळख एका चोपडीनं करून दिली. चोपडी म्हणजे चार पानांचं इंग्रजी माहितीपत्रक. एका जुन्या संस्थानी कोठीतून भंगारात निघालेल्या रायफलीबरोबर ते अण्णांकडे आलं होतं. त्या रायफलीची नळी कामातून गेली होती, पण तिच्यावर नेम धरायचं जे साधन होतं ते त्यांनी जपून काढून ठेवलं होतं. साध्या बंदुकीला मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाला माशी, म्हणजे बारीकसा उभा खुंट. खाच, माशी आणि लक्ष्य, ही तिन्ही डोळ्यानं एका रेषेत धरायची. पन्नाशीनंतर जवळची खाच धुरकट होते, आणि मग माणूस अंदाजपंचे गोळी झाडतो. ह्या साधनात खाचेऐवजी डोळ्याजवळ एक कडी होती आणि कडीत बसणारी, मधोमध भोक असलेली चकती. भोकातून नुसतं बघायचं. माशी भोकाच्या मध्यावर आणायचं काम डोळा आपोआप करतो. अण्णा चोपडी घेऊन ग्रंथालयात आले आणि म्हणाले, "सर, ह्याचं मराठी करून द्या. एक शब्दबी सोडू नका." मी दोन दुपारी बसून ते वहीत उतरवून दिलं. एकूण एक शब्द मात्र उतरवला नाही. त्याकडे येतो.

सुभेदार जाधव तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आधी शेडमध्ये आले. जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला त्यांची डोंगरउताराची शेती. भुईमूग आणि मका रानडुकरं उकरून नेत, म्हणून वनखात्याकडून डुकरांपुरती परवानगी काढलेली. रायफल चुलत्यांकडून वारसानं आलेली, अमेरिकन बनावटीची, हाताखालचा दांडा पुढे ढकलून मागे ओढला की दुसरी गोळी चढते त्या जातीची. फौजेत बक्षिसं मिळवलेला हा नेमबाज त्या दिवशी नुसता चिडलेला होता. "मागची खाच दिसंनाच मला," ते म्हणाले. "पुढची माशी दिसतीया, डुक्कर दिसतंय, आनि मधनंच धुकं. डोळ्याच्या डॉक्टरनं चष्मा दिला, तर आता खाच दिसतीया आनि डुक्कर गायब!" सोबतच्या पुतण्याला दुर्बीण बसवून हवी होती. त्यानं मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. अण्णांनी रायफलीचा दांडा पुढे ढकलला आणि वरचं तोंड उघडं झालं, ते त्याला दाखवलं. "मोकळं काडतूस हितनं, वर उडतंय. दुर्बीण मधी बसवली तर काडतूस तिच्यावर आपटून परत आत यील. दुर्बीण काय तुमच्या डोक्यावर बांधू?" सुभेदार खदखदून हसले. "दादा, ऐक. तुझी दुर्बीण लग्नाच्या फोटूत शोभंल."

मग निवड सुरू झाली. जुनी कडी अण्णांनी त्या रायफलीच्या अंगाला लावून बघितली, डोळ्यापासून किती लांब येते ते मोजलं. चकत्या त्यांनी लेथवर तीन केल्या, मोठ्या, मधल्या आणि बारीक भोकाच्या. सुभेदारांना शेडच्या दारात बसवलं. समोरच्या कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर पांढरा गोल रंगवलेला होता, अण्णांची सगळी परीक्षा त्या गोलावर व्हायची. मे महिना, अकराचं ऊन. सुभेदारांनी तिन्ही चकत्यांतून बघितलं आणि बारीक भोकाशी थांबले. "आगं आई गं... माशी आशी दिसतीया जशी पंचविसाव्या वर्षी दिसत हुती." भोक जितकं बारीक तितकं चित्र लख्ख, हे त्या उन्हात कुणालाही पटलं असतं. मीही बघितलं. मलाही पटलं.

बसवायला अण्णांनी तीन दिवस घेतले. रायफलीच्या पोलादी अंगात दोन भोकं पाडून आटे काढायचे होते, आणि शंभर वर्षांच्या वस्तूत भोक एकदाच पाडता येतं. या रायफलीत मागून नळीत बघता येत नाही, म्हणून त्यांच्याकडे दाताच्या डॉक्टराचा छोटा आरसा होता. तो उघड्या तोंडात धरून ते नळीतून टाकीवरचा गोल बघत, मग भोकातून बघत, पुन्हा आरशात. मागची कडी उंच झाली म्हणून पुढची माशीही कानशीनं नवी, उंच घडवली आणि तिच्या डोक्याला पांढरा ठिपका दिला. शेवटी सुभेदार म्हणाले, "अण्णा, आमच्या वाटा जीप उडवत्यात. ही चकती ढिली व्हायला नको." अण्णांनी आट्यात लाख वितळवून ओतली आणि चकती कडीत कायमची बसवली. "आता हालली तर माझं नाव बदला."

तपासणीला आम्ही मेढ्याला गेलो. सुभेदारांच्या मालकीची एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथं भर दुपारी त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका पुरीखाली झाकल्या जाव्यात इतक्या जवळ. अण्णा कानात बोटं घालून पाठमोरे उभे होते. पाचव्या गोळीनंतर वळले आणि कागदाकडे बघत राहिले. इतका समाधानी माणूस मी नंतर पाहिला नाही. सुभेदारांचा आग्रह होता की दिवस कलेपर्यंत थांबा, डुकरांची वाट दाखवतो, बांधावर बसून गंमत बघू. "आवं अण्णा, जेवूनच जावा की, चुलीवरचं." अण्णांनी हात जोडले. सूर्य मावळायच्या आत पोटात चार घास जायला हवेत. आम्ही तीनला निघालो आणि साडेपाचला उंब्रजला हायवेच्या कडेला त्यांनी डबा उघडला. मला अर्धी भाकरी दिली आणि म्हणाले, "सर, ह्याच्या म्होरं डोंगरात एकबी जनावर हाल हून मरायचं न्हाई." मी म्हणालो, "डुकरांना कळवा." ते हसले. हसू यावं इतके खुशीत होते.

गणेशोत्सव होऊन गेल्यावर एका सकाळी मी शेडमध्ये बसलो असताना सुभेदारांचा फोन आला. अण्णांचे हात तेलकट होते, त्यांनी फोन टेबलावर ठेवून मोठा आवाज लावला. सुभेदार चिडले नव्हते. फौजेत अहवाल देतात तसं बोलत होते. परवा दिवस बुडून गेल्यावर, सातच्या सुमारास कळप भुईमुगात उतरला. त्यांनी रायफल खांद्याला लावली. "अण्णा, भोकातनं काय दिसलंच न्हाई. काळं. नुसतं काळं. माशी न्हाई, डुक्कर न्हाई. चकती काढाय गेलो तर लाख. मग भोकाच्या वरनं बघून झाडली." गोळी मादीच्या मागच्या अंगाला लागली. ती ओरडत ओढ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी रक्त सापडलं, ती सापडली नाही. "आज उजाडताना सापडली. वड्यात. जित्ती हुती. मग सोडवली."

अण्णांनी विचारलं, "पोटात पिल्लं हुती का काय तिच्या?"

"ते कशाला इचारता, अण्णा?" सुभेदार म्हणाले.

फोन बंद झाला. अण्णांनी बोळ्यानं एकेक बोट पुसलं. मला तेव्हा जे समजलं ते त्यांनाही त्याच क्षणी समजलं असणार. तीस वर्षं त्यांनी बंदुकांचे नेम बसवले, आणि एकदाही दिवस कलल्यावर त्यातून पाहिलं नव्हतं. पाचला कुलूप. पावणेसहाला ताट. रानातली जनावरं कोणत्या प्रकाशात बाहेर पडतात हे जावळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ज्या माणसाचा सगळा उजेड सूर्यास्तापूर्वी संपतो, त्याच्या हिशेबात संध्याकाळ नव्हतीच. धर्म पाळता पाळता ही चूक झाली. दुसऱ्या कुणाकडून ती झाली नसती.

पण ती अण्णांकडूनही होऊ नये अशी सोय होती, आणि ती मी बुजवली होती. "सर," ते म्हणाले, "ती इंग्रजी चोपडी काढा बरं. शेवटच्या पानावर काय हाय?" माझ्या वहीत शेवटच्या पानाच्या जागी माझ्याच अक्षरात एक ओळ होती: 'यापुढे फक्त जाहिरात आहे.' ते पान खरोखरच मासलेवाईक होतं. राजेरजवाडे, गव्हर्नर आणि सर्व खंडांतील खिलाडू सद्गृहस्थ यांनी पसंत केलेलं साधन वगैरे. दोन वाक्यं वाचून मला हसू आलं होतं आणि मी पेनाला टोपण लावलं होतं. असला बडेजाव आपण वाचत नाही, याचा मला अभिमानही होता... आता मी ते पान मोठ्यानं वाचलं. राजेरजवाडे झाले, गव्हर्नर झाले, आणि सगळ्यात तळाशी, बारीक टाइपात: संधिप्रकाशात शिकार करणाऱ्यांनी चकती फिरवून काढून टाकावी व नुसत्या कडीतून नेम धरावा. याकरिता चकती कधीही पक्की बसवू नये.

मी मराठी करून सांगितलं. अण्णांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. मग ते उठले, फळीवरचं खडूचं वाक्य ओल्या बोळ्यानं पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाहिरातच हाय की, सर. बराबर लिव्हलंत तुमी." त्या आवाजात राग असता तर मी माफी मागितली असती. मला कारणं सुचत होती. माहितीपत्रकं अशीच लिहितात. लाख ओतायची कल्पना त्यांची. सुभेदारांनी न दिसताना गोळी झाडायला नको होती. सगळी कारणं खरी होती. त्यामुळेच बोलता येईना. चहा आला होता तो तसाच ठेवून मी निघालो.

त्यांनी तीन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही, असं नंतर कळलं. महिन्याभरात दुरुस्तीचा परवाना परत केला. मागच्या खोलीची दोन्ही कुलपं काढली आणि तिथं बुशांची पोती रचली. वहिनींचं म्हणणं इतक्या वर्षांनी मान्य झालं होतं. पण शोकसभेच्या दिवशी त्या मला जिन्याशी थांबवून म्हणाल्या, "मी जिंकले म्हनून काय गवसलं, सर? मानूस जेवायला बसायचा, सूर्य वर आसायचा, आनि घास तसाच ताटात. म्हनायचे, 'तिकडं आता कळप उतरत आसंल.'" मग त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं. "ते वाक्य सन्मतीला मीच दिलं. त्यांना लय आवडायचं." मी मान डोलावली. जीवनसूत्र म्हणून डोळे मिटणारे अध्यक्ष त्या दिवशी माझ्यापेक्षा प्रामाणिक होते.

गेल्या आठवड्यात मी मेढ्याला जाऊन आलो. कुणी बोलावलं नव्हतं. सुभेदार आता थकले आहेत, पण रायफल कपाटात तेल देऊन ठेवलेली. चकती नाही, नुसती कडी. अण्णा त्या फोननंतर चौथ्या दिवशी एकटेच एसटीनं आले होते, हे मला तिथं कळलं. बरोबर स्पिरिटचा दिवा. लाख तापवून चकती काढली, आणि मग म्हणाले, दिवस मावळेपर्यंत बसू द्या. "बांधावर बसलं," सुभेदार सांगत होते. "रायफल मोकळीच, मांडीवर. एकदा चकती लावून बघायचं, एकदा काढून. चकती लावली की दिसंना, काढली की दिसायचं. अंधार पडला तरी आपलं बघतच हुतं. आमच्या घरातनी ताट वाढलं, तर म्हनले, आज चुकली येळ. उपाशी झोपलं. मी म्हनलं, अण्णा, चूक माझी हाय, न दिसता झाडली. तर म्हनले, तुमाला दिसाया पायजे हुतं, ते माझं काम."

बोलता बोलता त्यांनी रायफलीचं कॅनव्हासचं गवसणं उलटं केलं. परवान्याचे कागद त्यातच असतात, असू द्यावेत म्हणून. मी अलीकडे हाती येईल तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. वनखात्याचं ते तीन वर्षांपूर्वीचं परवानगीपत्रही वाचलं. वर बोधचिन्ह, विषय, संदर्भ, उपरोक्त विषयान्वये, मग अटी. सहावी अट अशी की, रानडुकराचा बंदोबस्त केवळ सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच करण्यात यावा. मी सुभेदारांना विचारलं, हे तुम्ही वाचलं होतं का?

"आवं सर, सरकारी कागूद त्यो," ते म्हणाले. "शिक्का हाय का बघायचं आनि ठिवायचं."

म्हणजे त्या कागदाप्रमाणे बारीक भोकाची चकती अगदी योग्य होती. डुकरं सातला येतात.